बाटलीभर वानगी

चहाचा घोट अगोदर गिळून घ्या. मी जे सांगणार आहे ते आयकताना कोणाच्या नाकातून चहा आला तर मी जबाबदार नाही! माह्या हातून एक असा गाढवपणा झाला, का आजही आठवला म्हणजे कानाच्या पाळ्या गरम होतात. चारचौघांत मी हे कधी काढत नाही. आज तुमी चौघंच आहा म्हणून... बरं, चारचौघंच झाले ते! जाऊ द्या. तोंड उघडलं तर उघडलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी तवा कारंज्याच्या बाजारात एका अडत दुकानावर होतो. काम काय? तर वानगी, म्हणजे मालाचा नमुना, काढायचं. गाड्या आल्या का पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, थैलीत भरायचे, वर लाखेचा टिपका मारायचा, आन ती वानगी अकोल्या-अमरावतीच्या व्यापाऱ्याले पाठवायची. ती पाहूनच तो भाव सांगायचा.

यातला कायदा एकच. थैली गच्च भरली पाहिजे. अपुरी वानगी गेली का व्यापाऱ्याले शंका आलीच. म्हणन, काही तरी लपवून राह्यले. एका पोत्यातून दाणे कमी निघाले तर बाजूच्या पोत्यातून भर घालायची. एकाच वावराचा माल, एकाच खळ्यावरचा, काय फरक पडते? बारा वर्षांत माह्या हातच्या एकाही वानगीवर कोणी बोट ठेवलं नाही. याचा मले गर्व होता. लपवू कायले? भलताच गर्व होता!

तर त्या वर्षी श्रावणात आमच्या अनसूयेले, म्हणजे आमच्या मंडळीले, चकरा यायले लागल्या. एक दिवस विहिरीवर घागर भरता भरता ती मटकन खालीच बसली. शेजारच्या कौतिकाबाईनं धरली म्हणून बरं, नाही तर घागरीच्या मागं तीही आत गेली असती. मी घाबरलो. तसाच तिले घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टर नवीनच आल्ते. पुण्याकडचे. बोलणं एकदम पुस्तकातलं. त्यांनी नाडी पाह्यली, डोळे पाह्यले, जीभ पाह्यली आन म्हणाले, "शामराव, ह्यांची लघवी तपासून घेऊ. इथे सोय नाही, अकोल्याला लॅबोरेटरी आहे. मंगळवारी माझा कंपाउंडर औषधं आणायला जातो, त्याच्याबरोबर पाठवू. सकाळची पहिली. बाटलीभर आणा."

आन त्यांनी मले एक रिकामी औषधाची बाटली दिली.

रस्त्यानं अनसूया पदर तोंडावर ओढून चालली. घरात पाय टाकला आन मंग सुरू झाली.

"काय म्हणे तो डाक्तर? माह्यं... ते... आगगाडीनं अकोल्याले जाईन?"

"हो."

"वर माह्यं नाव लिहून?"

"नाव तर लिहावंच लागन."

"ओ माय! आन तो अकोल्याचा बाप्या ते हातात धरून पाहीन? लाज नाही वाटत त्या मेल्याले?"

"अवं, त्याचा धंदाच तो आहे."

"धंदा! त्याच्या मायनं याच्यासाठी शिकवला त्याले?"

दोन दिवस समजावलं. रागावलो. हात जोडले. शेवटी मंगळवारी सकाळी ती बाटली पदराखाली घेऊन गोठ्यामागं गेली, अन् आली तशी बाटली माह्या हातात कोंबून तोंड फिरवून उभी राह्यली.

मी पाह्यलं. बुडाले दोन बोटं. दोन बोटं!

"अवं, हे काय? डॉक्टरनं बाटलीभर सांगतलं."

"एवढीच हाय. पुन्हा नाव काढाल तर मी माहेरी जाईन. सांगून ठेवते."

आता तुमीच सांगा, मी काय करावं? गाडीची वेळ झाल्ती. कंपाउंडर पिशवी घेऊन निघाला असन. आन माह्या हातात अपुरी वानगी! अकोल्यावाला काय म्हणन? कारंज्याच्या शामरावनं दोन बोटं वानगी पाठवली?

मी इकडेतिकडे पाह्यलं. गोठ्यामागं गेलो. आन भरली बाटली. गळ्यापर्यंत!

हसा, हसा. पण तवा मले त्यात काहीच चूक वाटली नाही. एकाच घरचं, एकाच चुलीचं अन्न, एकाच विहिरीचं पाणी. बाजूच्या पोत्यातून भर घातल्यासारखंच ते! वरून बूच ठोकलं, लाखेचा टिपका मारला आन पळत जाऊन कंपाउंडरच्या हातात दिली. इतकी शिस्तीत भरलेली बाटली त्या अकोल्यावाल्यानं जन्मात पाह्यली नसन, असं मनात म्हणत म्हणत घरी आलो.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरचं तोंड उतरलेलं.

"शामराव, साखर आहे. थोडीथोडकी नाही, भरपूर आहे. मधुमेह."

"मंग आता?"

"आता पथ्य. भात बंद, गूळ बंद, साखर बंद, केळी बंद, बटाटा बंद. कारल्याचा रस रोज सकाळी. आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर सुया."

फरक काय पडते! माणूस भात नाही, गूळ नाही, वर कारलं पिऊन राह्यला, तर त्याच्या चकरा कमी होतीन का वाढतीन? अनसूया वाळायले लागली. डॉक्टर म्हणाले, रोग बळावला. सुया चालू करा.

सुईचं औषध अकोल्याहून यायचं. एवढ्या एवढ्या कुप्या, आन भाव सोन्याचा. वर डॉक्टरची फी, कंपाउंडर रोज घरी येऊन टोचायचा त्याचे वेगळे. दीड महिन्यात बिलांचा असा जुडगा झाला, का तो ठेवायले मी दुकानातून एक वानगीची थैली आणली. पगार गेला. उचल घेतली, तीही गेली. मंग अनसूयाच म्हणाली, "भिंगरीले इका."

भिंगरी म्हणजे तिची म्हैस. तिच्या बापानं लग्नात पारडू दिल्तं, ते तिनं वाढवलं. त्या म्हशीच्या दुधाचा पैसा हा तिचा सोताचा पैसा. त्याच्यात मी कधी हात घातला नव्हता. मानोऱ्याकडचा एक जण आला आन दावं सोडून घेऊन गेला. अनसूयेनं म्हशीच्या कपाळाले कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला आन आत निघून गेली. मी म्हणलं, "रडू नको वं." तर म्हणते, "रडू कायले? माह्याच रोगापायी गेली. कोणाले बोल लावू?"

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी आजपर्यंत इसरलो नाही.

आन या दीड महिन्यात मी काय करून राह्यलो होतो? सांगायलेच पाहिजे, झाकू कायले! तिच्या वाटणीचं खाऊन राह्यलो होतो. राखीपौर्णिमेचा नारळीभात आला, पोळ्याच्या पुरणपोळ्या आल्या, गणपतीचे मोदक आले. तिले तर बंदी. मंग वाया काहून घालवायचे? तिच्या समोर बसून मीच खाल्ले. वर तिले धीरही द्यायचो, "पथ्य म्हणजे मनाचा निग्रह लागते अनसूये!" तोंडात मोदक घेऊन!

मंग एक सोमवार उजाडला. आदल्या दिवशीच डॉक्टरनं औषधाचं माप वाढवलं होतं. कंपाउंडर सुई टोचून गेला, मी बाजारात गेलो. दुपारी कौतिकाबाईचा माणूस धावत दुकानावर आला, "शामराव, लवकर चला, वहिनीचं काही खरं नाही!"

मी परखी तशीच पोत्यात सोडली आन धूम ठोकली. घरात पाहतो तर अनसूया जमिनीवर पडलेली. अंग घामानं चिंब, हातपाय थरथर कापून राह्यले, डोळे फिरलेले. आन कौतिकाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात गुळाचं पाणी घालून राह्यली!

मी ओरडलो, "अवो कौतिकाबाई! जहर देता काय तिले? गूळ तिले बंद हाय!"

"लेक मरून राह्यली आन तुमी साखर-साखर करता? सरका तिकडे!"

"नका देऊ म्हणतो ना!"

मी वाटी धरायले गेलो. कौतिकाबाईनं मले कोपरानं असं ढकललं, का मी भिंतीवर जाऊन आदळलो. नशीब माह्यं, ती बाई माह्याहून ताकदवान होती. तिनं पुरी वाटी पाजली. आन काय सांगू! पाच-दहा मिनिटांत अनसूयेचे हातपाय थांबले. डोळे उघडले. तिनं माह्याकडे पाह्यलं आन म्हणाली, "तुमी जेवले काय?"

मी भिंतीले टेकून लहान पोरासारखा रडलो.

डॉक्टर आले. सारं आयकून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "गुळाने बरं वाटलं? म्हणजे सुईने साखर फारच खाली गेली. हे काहीतरी वेगळं आहे. सुया आजपासून बंद. लघवी पुन्हा तपासायची, आणि ह्या वेळी बाटली दवाखान्यातच भरायची." त्यांनी दाई उभी केली, तिच्या देखत नमुना घेतला आन अकोल्याले पाठवला.

रिपोर्ट आला. साखर नाही. थेंबभर नाही!

डॉक्टर खुर्चीत बसले. "पहिला रिपोर्ट चुकला, शामराव. लॅबोरेटरीची चूक झाली असली पाहिजे."

बस! माह्या डोक्यात आगच गेली. म्हणजे त्या अकोल्यावाल्याच्या चुकीपायी माही बायको मरता मरता वाचली? त्याच्या चुकीपायी भिंगरी गेली? बाजारात बोंब झाली. जो तो सल्ला द्यायले लागला, "पैसे वसूल करा!" "कोर्टात खेचा!" "सोडू नका त्याले!" मी बिलांची थैली बगलेत मारली आन दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीत बसलो. मूर्तिजापूरले गाडी बदलेपर्यंत डब्यातल्या एकूण एक माणसाले मी ती बिलं दाखवली. एका म्हातारीनं तर त्या लॅबोरेटरीवाल्याले अशा शिव्या दिल्या, का मले लय आधार वाटला.

लॅबोरेटरी म्हणजे एक लांब खोली. टेबलावर काचेच्या नळ्या, खाली निळा जाळ, दोन मदतनीस, आन खुर्चीत एक बारीक, म्हातारे, चष्मेवाले डॉक्टर. मी थैली टेबलावर उलटी केली.

"हे घ्या! याचा हिशेब द्या! तुमच्या चुकीपायी माही बायको चालली होती!"

ते रागावले नाहीत. एकेक बिल सरळ केलं, वाचलं. मंग वही काढली. "कारंजा. अनसूयाबाई. हो, ही पहिली बाटली मला चांगली आठवते. तोंडापर्यंत भरलेली होती, वर लाखेचं सील. मी ती दोनदा तपासली होती. साखर होती हो त्यात."

"मंग दुसरीत कशी नाही?"

"तेच मलाही कळत नाही. पहिली बाटली कोणी भरली होती?"

आता इथं मी चूप बसलो असतो तर? पण धंद्याचा प्रश्न आला ना! मी छाती काढून सांगतलं, "मी सोता भरली जी! तिनं दोनच बोटं दिल्ती. अपुरी वानगी पाठवायची आमच्यात रीत नाही. मंग वरची सारी मी भरली."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "वरची... म्हणजे तुमची स्वतःची?"

"मंग! बाहेरच्याची कशी घालीन? घरचीच घातली."

"तुमची किती होती?"

"माहीच जास्ती होती जी! तिची दोन बोटं, बाकी सारी माही."

एक मदतनीस तोंडावर हात धरून बाहेर गेला. दुसरा टेबलाखाली काही तरी शोधायले लागला. माह्या डोक्यात अजूनही उजेड पडला नव्हता बरं का!

म्हातारे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला तहान फार लागते का हो?"

"लागते. उन्हातलं काम आहे."

"भूक?"

"आठ भाकरी सहज!"

"आणि लघवीला?"

"त्या बाबतीत मी कधी कमी पडलो नाही जी," मी म्हणलं. आन म्हणता म्हणता टेबलावरची बिलं परत थैलीत भरायले लागलो.

त्यांनी मले एक नळी देऊन मागच्या दाराकडे पाठवलं. मी आणून दिली. त्यांनी निळ्या औषधात थेंब टाकले, नळी जाळावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आन शेवटी विटेसारखं लाल.

"पाहा. माझा रिपोर्ट बरोबर होता. फक्त रोगी चुकला." मी फीसाठी खिशात हात घातला तर त्यांनी हात हलवला. "राहू द्या. इतक्या लांबून माझी चूक दाखवायला आलात."

येताना गाडीत मी बिलांची थैली मांडीखाली घेऊन बसलो होतो.

कारंज्याले उतरलो तर घराकडे पाय वळेना. सरळ दवाखान्यात गेलो आन डॉक्टरले सारं सांगतलं. ते हसतीन असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी अनसूयेले बोलावणं पाठवलं. ती कौतिकाबाईले घेऊन आली.

"बाई, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तुम्ही दिवसाला किती वेळा जेवता?"

अनसूया पदर चाळवत म्हणाली, "चातुर्मास हाय ना जी. एकदाच."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी नाही जेवत. एकादशीले नाही. चतुर्थीले नाही."

"ज्या सोमवारी तुम्ही पडलात, त्या दिवशीही सुई घेऊन उपास? हे एवढे उपास कशासाठी?"

हनुवटीनं फक्त माह्याकडे दाखवलं.

माह्या आयुष्यासाठी! समजलं काय? बायको माह्या आयुष्यासाठी उपाशी राहून राह्यली, त्याच्यानं तिले चकरा आल्या, आन मी तिले माहा रोग चिकटवून वरून तिच्या पोळ्या खाऊन राह्यलो. दहा वर्षांचा संसार, पण ती काय जेवते, कितीदा जेवते, हे मले ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं होईन? बायका मागून जेवतात. मी हात धुवून बाजारात जायचो. ती जेवताना मी तिले कधी पाह्यलीच नव्हती.

"आता तुम्ही सांगा," डॉक्टर माह्याकडे पाहून म्हणाले.

मी सांगतलं. जमिनीकडे पाहत सांगतलं. "अनसूये, त्या दिवशी बाटली अपुरी होती. वरची मी भरली. मले वाटलं एकाच घरचं, एकाच चुलीचं, काय फरक पडते? साखर तुही नाही वं. माही हाय."

कौतिकाबाईनं कपाळावर हात मारला. अनसूया मात्र माह्याकडे पाहतच राह्यली.

"म्हणजे मले काहीच नाही झालं?"

"नाही."

"आन भिंगरी?"

धरणी फाटावी आन मी आत जावं असं झालं. ती उठली, पदर सावरला आन कौतिकाबाईचा हात धरून निघून गेली.

डॉक्टर म्हणाले, "माझी फी मी परत करतो, शामराव. त्यात माझीही चूक आहे. औषधाचे पैसे मात्र अकोल्याला गेले, ते काही येणार नाहीत. पण चार कुप्या शिल्लक आहेत. तुमच्याच पैशाच्या आहेत. चला, बाही वर करा."

भिंगरीचं इचारता? आणली ना परत. फीचे पैसे आले ते बाजूले ठेवले, बाकीचे वर्षभर जमवले. आन मानोरेवाल्यानं दीडपट मागतले तेही दिले. घासाघीस करायचं तोंडच नव्हतं मले. पण ते मागून. त्या दिवसाचं आयका.

दंड चोळत घरी आलो. दारातूनच तुपात रवा भाजल्याचा वास आला. अनसूया चुलीपाशी बसली होती. मी गुपचूप पाय धुतले आन पाटावर बसलो. तिनं माह्यापुढं ताट ठेवलं. एक भाकर, कारल्याची भाजी, वाटीभर ताक. मी ताट पुढं ओढलं. बोलायची सोय होती काय?

मंग तिनं दुसरा पाट घेतला. माह्या समोर मांडला. दुसरं ताट वाढलं. भाताचा ढीग, त्यावर वरण, वर तूप, आन बाजूले शिऱ्याचा हा एवढा डोंगर, वेलदोडे घातलेला. आन माह्या आधी, माह्या डोळ्यांदेखत, ती जेवायले लागली.

घाई नाही, काही नाही. भात संपवला. बोटं चाटली. मंग शिऱ्याकडे वळली. मी पाहत होतो. कारल्याचा घास हातातच राह्यला. शेवटी राहवलं नाही, म्हणलं, "अनसूये... वानगीपुरता तरी दे ना."

तिनं शिऱ्याचा मोठा घास उचलला आन माह्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले आणखी कायले पाहिजे? मी खाल्ला का तुमी खाल्ला, एकच. एकाच चुलीचा हाय ना!"